शेवटचा टायर

जेवणाची थाळी वाटाड्याच्या हातात देऊन पेर्पेतुआ नेमकी वेगाच्या काट्यासमोर उभी राहिली.

"गरम आहे, सावकाश खा," ती म्हणाली. "आमच्या गावाकडचं, मानाबीचं आहे. शेंगदाण्याचा रस्सा, आत मासा आणि केळं."

पनामाच्या कालव्यातून होडी न्यायची तर वाटाड्या घ्यावा लागतो आणि त्याला गरम जेवण घालावं लागतं. एरवी लोक कालव्याचे पाणदरवाजे जवळ आले की भांडं तापवतात. पेर्पेतुआनं नांगर वर आल्या आल्या थाळी वाढली होती.

वाटाड्याचं नाव आब्रेगो. इथल्याच कोलोन बंदरातला, पोट सुटलेला. तो मुकाट्यानं जेवू लागला. सुकाणूवर पेर्पेतुआचा नवरा, म्हातारा एलेओदोरो. पुढे-मागे दोर धरायला शेजारच्या होड्यांवरचे तिघं आले होते. इथली हीच रीत. भाड्याची माणसं परवडत नाहीत, म्हणून आज मी तुझा दोर धरतो, उद्या कुणीतरी माझा धरेल. एलेओदोरो असा कितीतरी होड्यांवरून पलीकडच्या समुद्रापर्यंत गेला होता आणि प्रत्येक वेळी बसनं परत आला होता. त्या होड्या पुढं निघून गेल्या. आज त्याची पाळी होती.

होडीच्या दोन्ही अंगांना प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले जुने टायर लोंबत होते, कालव्याच्या भिंती घासू नयेत म्हणून. इंजिन ओरडत होतं. होडी मात्र जड चालली होती.

"एवढंच का, कप्तान?" आब्रेगोनं घास गिळत विचारलं.

"तापतंय अजून."

"तापलं की पळतं," पेर्पेतुआ म्हणाली. "माझ्या नवऱ्यासारखंच आहे. सकाळी उठवलं की आधी नुसतं खोकतं."

पुढचा दोर धरलेला यानिक, शेजारच्या होडीवरचा फ्रेंच पोरगा, हसला. आब्रेगोही हसला. त्यानं रस्सा चमच्यानं निपटून घेतला, थाळी खाली ठेवली.

"आजी, आता जरा बाजूला व्हा."

"आणखी वाढू?"

"पोट भरलं. काटा बघू द्या."

ती बाजूला झाली. कालव्यात शिरायचं तर काटा पाचाला टेकायला हवा होता. तो चाराच्या अलीकडेच थरथरत होता. पेर्पेतुआला तो दिसत नव्हता. वर्षभरात तिच्या डोळ्यांपुढं धुकं दाटत आलं होतं, आणि ते आता हटणार नाही असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. पलीकडच्या समुद्रावरची गावची खाडी, टेकडीवरची घरं, एकदा समुद्राकडून बघायची होती, मोठ्या आकृत्या दिसतात तोवर. लग्न झाल्यावर ती दोघं तिथूनच याच होडीनं निघाली होती. होडी इथं टाकून विमानानं जाणं म्हणजे घर टाकून घरी जाणं, असं ती म्हणायची.

"बुडाला काय धरलंय?" आब्रेगोनं विचारलं.

"शिंपले. खरवडले मी."

"कुठवर?"

"हात पोचला तिथवर," एलेओदोरो म्हणाला.

 फुकटात नांगर टाकायची जी जागा आहे, तिथलं पाणी कोमट आणि गढूळ. मगरींच्या भीतीनं कुणी बुडी मारत नाही. एलेओदोरो दुसऱ्यांच्या होड्या पार करत होता, तेव्हा त्याची स्वतःची होडी तिथं उभी होती. बूड जड होत गेलं होतं.

"मागून मोठं जहाज येतंय, कप्तान. मी हो म्हटलं तर तुम्ही मध्येच अडकाल."

"एकदाच. तिच्यासाठी."

"मला नका सांगू. आत्ता तिच्या हातचं जेवलोय मी. मला बरं वाटत असेल का?"

त्यानं रेडिओ तोंडाजवळ धरला आणि त्यांची होडी पाळीतून काढायला सांगितली. मग एलेओदोरोकडं न बघता म्हणाला, "होडी पाण्याबाहेर काढा, बूड घासून घ्या, नवं इंजिन बसवा. मग या."

होडी पाण्याबाहेर काढायच्या खर्चासाठी आधी तीच विकावी लागली असती.  एलेओदोरोनं सुकाणू वळवलं.

ऊन उतरल्यावर यानिक लहान होडी वल्हवत आला. त्यांच्या होडीचा कठडा धरून तो टायरांकडं बघत राहिला.

"बोल की," पेर्पेतुआ म्हणाली.

"उद्या माझी पाळी आहे. टायर मिळाले तर..."

"ने. आम्हाला काय करायचेत?"

"आणि दोर धरायला माणसं कमी पडतायत. कप्तान, याल का? आजी, तुम्हीपण चला. तिकडचा समुद्र तरी बघून याल."

"तिकडून परत यायचं नव्हतं रे मला, बाळा," ती म्हणाली. "याला ने. याला सवय आहे."

एलेओदोरो एकेक टायर सोडून खाली देऊ लागला. त्यांच्या जागी होडीच्या अंगावर घासल्याचे डाग राहत गेले. मागच्या टोकाच्या टायरची गाठ मात्र त्याला सुटेना. ती पेर्पेतुआनं मारलेली होती.

"हा एक राहू दे," तो म्हणाला.

पेर्पेतुआ कठड्याला चाचपत तिथवर आली. गुडघ्यांवर बसली. बोटांनी गाठ शोधली आणि सोडवायला लागली.

"तोही दे," ती म्हणाली. "राहिला तर मी रोज सकाळी हात लावून बघेन."