एकसष्ट दुखापती

"एकसष्ट," मुख्याध्यापिका म्हणाल्या आणि त्यांनी फळ्यावरच्या आकड्याखाली दोन रेघा ओढल्या. "एका वर्षात कुस्तीच्या एकसष्ट दुखापती. फुटबॉलच्या तीन. बास्केटबॉलच्या दोन. आता यावर मी वेगळं काय बोलू?"

वेगळं काही बोलायचं नव्हतंच. ठराव टाइप होऊन टेबलावर पडला होता: कुस्ती बंद, मॅट विकायची, खोली फुटबॉलच्या संघाला व्यायामासाठी द्यायची. फक्त सह्या राहिल्या होत्या. फुटबॉलच्या सरांनी तर खोलीचं माप आधीच घेऊन ठेवलं होतं. समितीतले सगळे खुर्च्यांवर बसले होते, ते एकटे मघापासून भिंतीला पाठ लावून उभे होते.

कुस्तीचे सर खाली मान घालून बसले होते. त्यांच्या शेजारी खिळा. दहावीतली ही मुलगी त्रेपन्न किलोच्या गटात खेळायची. मॅटवर एकदा पाय रोवले की कुणाच्या बापाला उपटता यायची नाही, म्हणून तिचं हे नाव. संघात मुलं-मुली मिळून नऊच जण. पुढच्या महिन्यात खिळ्याची शालेय स्पर्धेची अंतिम कुस्ती होती. संघ बंद म्हणजे तीही गेली. कर्णधार म्हणून तिला आज बोलावलं होतं, तेही निर्णय ऐकून घ्यायला. ऐकून घेणं तिच्या स्वभावात नव्हतं.

"मॅडम, ती वही बघू?"

वही सरांचीच होती. अख्ख्या शाळेत बर्फाची पेटी आणि पट्ट्या फक्त कुस्तीच्या खोलीत असायच्या आणि तिथे केलेला प्रत्येक इलाज सर लिहून ठेवायचे. तारीख, दुखलेला भाग, काय केलं. नख मोडलं तरी एक ओळ पडायची. नावाच्या जागी मात्र नुसता नंबर. बाकीच्या संघांच्या वह्या, दोन-तीन ओळी सोडल्या तर, कोऱ्या करकरीत होत्या. जो लिहितो तोच सापडतो, जगाचा न्यायच तो.

खिळ्याने भराभर पानं उलटली.

"नऊ जणांत एकसष्ट म्हणजे एकेकाला जवळजवळ सात. सात वेळा मोडलेली माणसं अशी दिसतात का?" तिने आपले दोन्ही दंड पुढे केले. समितीतलं कुणीतरी हसलं. "आणि यातले चोवीस घोटे आहेत. आमचे कान सुजतात मॅडम, खांदे निखळतात, बोटं मुरगळतात. घोटे पळणाऱ्यांचे जातात."

"अंदाज नकोत मला."

"मग तारखा घ्या. नोव्हेंबरात आमची मॅट तीन आठवडे शिवायला गेली होती. त्या पत्रावर तुमचीच सही आहे. तीन आठवडे आम्ही एकमेकांना हातसुद्धा लावला नाही. त्या दिवसांतल्या नोंदी आहेत एकोणीस."

मुख्याध्यापिकांनी वही ओढून घेतली. बाई मूळच्या गणिताच्या. बोट ठेवत ठेवत त्यांनी ओळी मोजल्या. एकोणीसच भरल्या.

"सर, ही मुलं कुठली?"

सरांनी पहिल्यांदा मान वर केली. "दुखत होतं म्हणून आली. बर्फ माझ्याकडे होता."

"ते कळलं. कोणत्या संघाची?"

"ते नाही सांगणार. कुणाला कळणार नाही, असा शब्द देऊन मी त्यांचे बूट काढलेत."

हा शब्द का द्यावा लागला, ते शाळेतल्या शिपायालाही ठाऊक होतं. लंगडणारा खेळाडू दिसला की फुटबॉलचे सर त्याला संघातून काढायचे. दुखणं हा बहाणा असतो, असं ते दिवसातून दोनदा तरी म्हणायचे.

"नावं द्या, मी ठराव फाडते," मुख्याध्यापिका जरा मऊ आवाजात म्हणाल्या. "नाहीतर या एकसष्टही तुमच्याच नावावर राहतील आणि मला सही करावी लागेल."

सरांनी नुसती मान हलवली. नाही.

खिळ्याला सगळी नावं पाठ होती. सर पट्टी बांधायचे तेव्हा पाय धरून बसायची तीच. एक नाव घेतलं असतं तरी काम झालं असतं. तिने सरांकडे पाहिलं. त्यांचा तिला भयंकर राग आला, आणि त्याच वेळी त्यांच्याइतकं मोठं माणूस या खोलीत दुसरं नाही असंही वाटलं. तिने वही मिटून टेबलावर ठेवली.

"करा सही," ती म्हणाली. "पण ठरावात खरं लिहा. कुस्तीत जास्त लागतं म्हणून बंद केली, असं लिहू नका. लागलेलं लिहून ठेवलं म्हणून बंद केली, असं लिहा."

मुख्याध्यापिकांनी पेनाचं टोपण काढलं. कागद पुढे ओढला.

"थांबा जरा."

फुटबॉलचे सर भिंतीपासून सुटले होते. ते टेबलापर्यंत आले, दोन्ही हातांनी कड धरली आणि एका खुर्चीवर इंचाइंचाने टेकले. बसेपर्यंत त्यांच्या कपाळावर घाम आला.

"अठ्ठेचाळीस नंबर काढा," ते म्हणाले.

मुख्याध्यापिकांनी पान शोधलं आणि मोठ्याने वाचलं. "कंबर. बसताना कळ येते. तीन दिवस शेक." त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "हा तुमच्या संघातला मुलगा?"

"मुलगा नाही," फुटबॉलचे सर म्हणाले. "मीच तो."