बिनचूक फाइल

सांगलीच्या छापखान्यात आलेल्या फाइली तपासायचं काम सुनेत्राकडे होतं. रत्नागिरीचा डिझायनर श्रीरंग खोत आंब्याच्या पेट्यांची लेबलं पाठवायचा. त्याची फाइल उघडली, की तिचा हात आपोआप फोनकडे जायचा.

“अहो, कडेला ब्लीडची जागाच सोडलेली नाही. कापताना आंब्याचा देठ उडेल.” नाहीतर, “फॉन्ट आउटलाइन केले नाहीत तुम्ही. ‘हापूस’च्या जागी नुसते चौकोन दिसतायत.” तो माफी मागायचा, दोघं हसायचे, आणि बोलणं लेबलावरून माशांच्या कालवणावर कधी घसरायचं ते कळायचंही नाही.

यावेळी मात्र फाइल बिनचूक आली. ब्लीड होता, फॉन्ट आउटलाइन केलेले होते, रंगही छपाईचेच निवडले होते. सुनेत्रानं पुन्हा पुन्हा धुंडाळलं, पण औषधालाही चूक सापडेना. फोन करायला कारणच उरलं नाही म्हणून ती हिरमुसली आणि मुकाट्यानं फाइल पुढे पाठवून मोकळी झाली.

दुसऱ्या दिवशी काउंटरसमोर एक उंच, घामेजलेला माणूस येऊन उभा राहिला. त्यानं तोंड उघडताच तिनं आवाज ओळखला.

“स्क्रीनवर रंग वेगळे दिसतात ना, म्हटलं छापायच्या आधी प्रूफ बघून जावं.”

“एवढ्यासाठी रत्नागिरीहून आलात? मी कुरिअरनं पाठवलं असतं की!”

“पाठवलं असतंत, म्हणूनच विचारलं नाही.”

तिनं लगबगीनं प्रूफ टेबलावर पसरलं. तो तिच्याकडेच बघत राहिला.

“अहो,” ती हसू दाबत म्हणाली, “रंग खाली आहेत.”