हातभर अंतर

आठ मिनिटं उरली असताना रुचाने पेशंटला विचारायचं नसतं ते विचारलं.

“काम क्या करते हैं आप?”

समोरच्या स्टुलावर रशीद मियाँ डोळ्यांवर काचा बदलून बघायची ट्रायल फ्रेम चढवून ताठ बसले होते. आज सकाळपासून ही फ्रेम चढवून घेण्याची त्यांची ही चौथी खेप. ऑप्टोमेट्री कॉलेजच्या शिष्यवृत्तीची प्रात्यक्षिक परीक्षा होती. पाच विद्यार्थी, पेशंट एकच. प्रत्येकाला वीस मिनिटं. मियाँच्या डोळ्यांचा नंबर प्राचार्यांनी स्वतः काढून पाकिटात बंद करून ठेवला होता. ज्याचा नंबर त्याच्याशी जुळेल, त्याची शिष्यवृत्ती. तपासणीबाहेरचं काही बोललं तर गुण कापले जात. बाकी माहिती कागदावर छापलेली होतीच : वय छप्पन्न, व्यवसाय मजुरी.

पण रुचाची नजर एकसारखी त्यांच्या बोटांवर जात होती. मियाँना वाचता येत नव्हतं. म्हणून तिने फूटभर अंतरावर E अक्षरांचा तक्ता धरला होता आणि अक्षराचे दात कुठल्या बाजूला आहेत ते मियाँ बोटांनी दाखवत होते. ती बोटं दुसऱ्या पेरापर्यंत निळी होती.

“ठप्पा लगाते हैं, बिटिया. चौक बाज़ार में,” मियाँ म्हणाले. “कुर्तों पर बेल-बूटे की छपाई होती है न, वही.” आणि कसा लावतात ते दाखवायला त्यांनी उजवी मूठ टेबलावर टेकवली.

मूठ टेबलाच्या पार पलीकडच्या कडेला टेकली. डोळ्यांपासून चांगली हातभर लांब.

रुचाने ते अंतर नजरेने मोजलं. तिने फ्रेममधली प्लस अडीचची काच काढून प्लस सव्वाची घातली आणि तक्ता मूठ टेकली होती तिथे ठेवला. मियाँनी खाली पाहिलं.

“अरे!” एवढंच म्हणाले, आणि बोट एकदाही न अडखळता खालच्या ओळीपर्यंत गेलं. तिने पुन्हा अडीचची काच घातली. आता त्याच तक्त्यावर बोट चाचपडायला लागलं. मियाँ थोडे ओशाळले. “यह भी ठीक है,” म्हणाले. लखनौचा माणूस तो, समोरच्याला नाही म्हणणं त्याच्या जिभेवरच येत नाही.

कागदावर जवळच्या नंबरासाठी चौकट एकच होती. रुचाने त्यात ‘सव्वा’ लिहिलं. लिहिलं आणि पेन तिथेच थांबलं. पाकिटात काय आहे हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. छप्पन्न वर्षांच्या माणसाला जवळचं बघायला प्लस अडीच. पुस्तकात वयानुसार कोष्टकच दिलेलं आहे, फूटभर अंतर धरून.

रेल्वेत नोकरीला असलेल्या बाबांची बदली गोरखपूरला झाली होती. रेल्वेने लखनौच्या इंदिरा नगरातल्या घराचं सामान हलवायचा दिवससुद्धा ठरवून दिला होता. “शिष्यवृत्ती मिळाली तर वसतिगृहात राहा,” बाबांनी सांगितलं होतं. “नाहीतर पुरे झालं, चल आमच्याबरोबर. आई तुझ्यासाठी स्थळं बघतेच आहे.” त्यावर रुचा नुसती “रिझल्ट तो आने दो, बाबा,” म्हणाली होती आणि रात्रभर कूस बदलत राहिली होती. डिप्लोमाचं एकच वर्ष उरलं होतं.

घंटेला मिनिटभर राहिलं होतं. रुचाने ‘सव्वा’ खोडलं आणि ‘अडीच’ लिहिलं.

नंबर तिघांचे जुळले, लेखी गुणांत रुचा पुढे निघाली. शिष्यवृत्ती तिची. घरी पेढे आले, बाबांनी वसतिगृहासाठी ट्रंक आणली. रुचाला मात्र कुठे बसवेना. पुस्तक उघडलं की निळी बोटं दिसत. आई म्हणाली, आनंद पचत नाही पोरीला. आईला काय सांगणार?

पंधरा दिवसांनी समारंभ झाला. विजेत्याने काढलेल्या नंबराचा चष्मा कॉलेज फुकट बनवून देई आणि विजेत्यानेच तो मंचावर पेशंटच्या डोळ्यांना लावायचा, अशी तिथली पद्धत होती. मियाँ इस्त्रीचा कुर्ता घालून आले होते. रुचाने त्यांना चष्मा लावला. टाळ्या वाजल्या. फोटोग्राफरने दोघांना हसायला लावलं.

“कैसा दिख रहा है, मियाँ?” प्राचार्यांनी माइकवरून विचारलं.

“माशाअल्लाह, बहुत साफ़,” मियाँ सभागृहाकडे बघत म्हणाले. त्या काचांतून पहिली रांगसुद्धा धूसर दिसत असणार, हे रुचाला ठाऊक होतं. तिसऱ्या रांगेत बाबा उभे राहून टाळ्या वाजवत होते. तिला स्वतःची लाज वाटली.

कार्यक्रम संपल्यावर बाबा प्राचार्यांशी बोलत राहिले आणि ती मियाँच्या मागे धावली. ते फाटकाशी रिक्षा ठरवत होते. चष्मा डोळ्यांवर नव्हता.

“मियाँ, रुकिए,” तिला धाप लागली होती. “मैंने ग़लत नंबर लिखा है. जान-बूझकर. शिष्यवृत्तीसाठी... वज़ीफ़े के लिए.” डोळ्यांतलं पाणी तिला थोपवता येईना.

मियाँ गडबडून गेले. इतक्या हुशार मुलीने भर रस्त्यात रडावं, हे त्यांना बघवेना. तिची समजूत घालायला त्यांनी खांद्यावरची झोळी उघडली. आत कॉलेजच्या नावाच्या चार डब्या होत्या. तीन जुन्या, एक आजची.

“ग़लत कैसा, बिटिया? चार साल से यहाँ के बच्चे यही देते आए हैं, बड़ी मोहब्बत से. सब एक से एक उम्दा चश्मे हैं. बस, ठप्पा लगाते वक़्त उतार देते हैं.”