केळीचं पान बांधलेला डबा

दिगंबर मेस्त्री देवळाच्या पायरीवर जेवायला बसला. बायकोने आज डब्यावर झाकणाऐवजी केळीचं पान बांधून दिलं होतं, पण त्याचं सारं लक्ष मंडपात होतं. पंचवीस वर्षं दशावतारी कंपनीला दिवे त्याने पुरवले आणि आज कंपनीचे मालक त्याच्या शेजारी राहणाऱ्या कुंदाने बॅटरीवर जोडलेल्या एलईडीभोवती घुटमळत होते.

वायरिंग चोख होतं, म्हणून तर त्याचा जळफळाट होत होता. आता एकच आशा उरली होती. पाठीला अ‍ॅल्युमिनियम नसेल, तर असा दिवा दहा मिनिटांत तापून मरतो. काल तिने पत्रा मागितला, तेव्हा ढीगभर तुकड्यांवर गोणपाट ओढून तो म्हणाला होता, "नाय गो माझ्याकडे."

अर्धा तास झाला, तरी दिवा लख्खच. मालकांनी कौतुकाने तो उलटा केला. पाठीवर अ‍ॅल्युमिनियमचं गोल झाकण बसवलेलं होतं. त्यावर कोरलेलं नाव त्यांनी मोठ्याने वाचलं, "दिगंबर बाळा मेस्त्री."

"काकूंनी दिलं," कुंदा म्हणाली. "म्हणाल्या, ह्यांना घरातला पत्रा सापडेपर्यंत वापर."