मागून येणारी हाक

इंग्लंडच्या श्रॉपशर परगण्यातला हा बिनरहदारीचा रस्ता डेरेकने नकाशावर बोट फिरवून शोधला होता आणि एकही गाडी भेटणार नाही अशी बायकोशी पैज लावली होती. दोघांच्या दोन सायकली; नेहमीसारखा तो पुढे आणि बायको, म्युरिएल, मागे. मागून मोटार आली की "गाडी!" असं ओरडायचं, हे मागच्याचं काम.

"सारखा मागे वळून बघू नकोस, कुंपणात जाशील. मी आहे ना!" निघताना तिने दम भरला होता.

अर्धा तास झाला, एकदाही हाक आली नाही.

"बघ, म्हटलं नव्हतं? एक गाडी नाही!" तो खुशीत ओरडला. ती गप्प. पैज हरली म्हणून फुगली असणार, असं वाटून तो स्वतःशीच हसला.

 

तेवढ्यात एक मोटार मागून आली आणि हाकेशिवायच त्याला खेटून सुसाट निघून गेली. त्याने वळून पाहिलं; मागे रस्ता रिकामाच होता.