डोळ्यांवरचे सेंट

रस्ता रुंद करण्यासाठी गावाची जुनी दफनभूमी हलवायची ठरली, तेव्हा क्लेटन स्टाउफर सोडून कुणालाच आनंद झाला नाही. घराण्याच्या बायबलमध्ये लिहिलंच होतं: १७९४ साली मूळपुरुष एफ्रेम वारला, तेव्हा पापण्या मिटून राहाव्यात म्हणून त्याच्या डोळ्यांवर तांब्याचे दोन नवे सेंट ठेवले, मागे साखळी कोरलेले, फिलाडेल्फियाच्या टांकसाळीचे अगदी पहिले.

"बाबांचे तसले दोन आहेत ना तुझ्याकडे?" बहीण हेस्टर म्हणाली. "मेलेल्या माणसाचे तरी सोड."

"चार एकत्र अख्ख्या जिल्ह्यात कुणाकडे नाहीत. आज बाबा असते तर नाचले असते."

बाबांनी चाळीस वर्षं ही दफनभूमी राखली. ते दोन सेंट हा त्यांना आयुष्यात जमलेला एकमेव सौदा, आणि तो ते दर नाताळात ऐकवायचे: "घासाघीस नाही, काही नाही. समोरचा अवाक्षर बोलला नाही!"

कामगारांनी शवपेटीची कुजकी फळी उचलली. क्लेटनने गुडघ्यांवर बसून मऊ ब्रशने कवटीवरची माती झाडली. डोळ्यांच्या खोबणीत खरोखरच दोन नाणी होती. त्याने एक उचललं, भिंग लावलं, मग दुसरंही उचलून पाहिलं.

"साल काय?" हेस्टरने वरून विचारलं.

"एकोणीसशे एकसष्ट."

हेस्टरने खड्ड्यात वाकून पाहिलं. मग म्हणाली, "काही म्हण, बाबांनी दोन सेंट घेतले ते दोन सेंट ठेवूनच. माणूस प्रामाणिक होता."