दोन बोटं डावीकडे

प्रेमलताची शेवटची गोळीही डावीकडेच गेली. काळा गोल कोराच राहिला आणि कागदी चकतीच्या कडेला आणखी एक भोक पडलं.

ती सतरंजीवरून उठली, पदराला लागलेली माती झटकली आणि आपली नवीकोरी रायफल इंदुताईंपुढे धरली. "मायाच्यानं नाही होत, ताई. सासूबाई म्हणतात, बंदुकीपेक्षा पोळ्यांचं बेलणं बरं होतं. खरंच आहे त्यांचं."

इंदुताईंची नजर त्या डावीकडच्या भोकावर होती.

चीनच्या लढाईनंतर नागपुरात बायकांचा रायफल वर्ग निघाला, तेव्हापासून त्या दर रविवारी महाल पेठेतून सायकल हाणत टेकडीमागच्या या मैदानात येत होत्या. वर्गात पहिला नेम त्यांचाच. पण हातातली बंदूक क्लबची, दस्त्याला तार गुंडाळलेली, आणि तीही पाळीपाळीनं मिळायची. स्वतःची घ्यायचं एकदा घरात काढलं, तर भाऊ हसला होता. "मास्तरणीले बंदूक कायले पाहिजे? पोरी छडीनं आयकत नाहीत काय?" आणि एका रविवारी काटोलकडच्या संत्रा बागाईतदाराची ही सून मोटारीतून उतरली. धड गोळी भरता येत नव्हती, पण नवऱ्यानं लायसन काढून रायफल घेऊन दिली होती. जुन्या शालूची खोळ शिवून तीत ती आणली होती. नव्या लाकडाचा आणि तेलाचा वास आला, तशी इंदुताईंच्या काळजात कळ उठली.

त्या दिवशी प्रेमलतानं हौसेनं रायफल त्यांच्याच हाती दिली होती. "बोहनी तुम्ही करा, ताई." इंदुताईंनी पाच गोळ्या मारल्या. पाचही एका रुपयाखाली झाकतील इतक्या जवळजवळ, पण गोलापासून दोन बोटं डावीकडे. नेम चुकला असता तर गोळ्या विखुरल्या असत्या. खोट नळीवरच्या नेम धरायच्या खाचेत होती. खाचेच्या बाजूचा स्क्रू थोडा फिरवला असता तर झालं असतं. शिकवणारे हवालदार बाबाराव तेव्हा ऑपरेशन करून धंतोलीच्या दवाखान्यात पडले होते आणि वर्ग त्यांनी इंदुताईंवर सोपवला होता. दुसरं जाणतं कोणी तिथं नव्हतं.

"छान आहे," एवढंच इंदुताई म्हणाल्या.

मग प्रेमलता कोपरं सोलपटेपर्यंत झटायची आणि त्या शांतपणे सांगायच्या, "श्वास रोख. चाप झटक्यानं ओढू नको." तिची गोळी डावीकडे गेली की त्यांना वाईट वाटायचं. पण आधी बरं वाटायचं.

आज बाबाराव परत आले होते. लिंबाखाली खुर्ची टाकून बसले होते. जबलपूरच्या स्पर्धेसाठी वर्गातून एक नाव द्यायचं होतं.

"ताईंचंच द्या, बाबारावजी," प्रेमलता म्हणाली. मग इंदुताईंकडे वळली. "अन् ताई, हीच घेऊन चला. मी येईन संग, लायसन घेऊन. तुमच्या हाती शोभते. माया घरी नुसती पेटीत पडून राहीन."

इंदुताईंनी रायफल घेतली. क्लबच्या बंदुकीपुढे ती फुलासारखी होती. कोणीतरी नवी चकती लावली. इंदुताई सतरंजीवर पालथ्या झोपल्या, दस्ता खांद्यात रुतवला, गाल गार लाकडाला लावला. ही आता आपल्याच हाती राहणार, या एका विचारानं त्यांचं बाकीचं भान सुटलं. डोळा खाचेवरून न काढताच त्या म्हणाल्या, "बाबाराव, पेचकस द्या जरा."

बाबारावांनी खिशातून काढून दिला. इंदुताईंनी स्क्रू फिरवला, खाचेवर फुंकर मारली आणि पुन्हा गाल टेकवला. पाच गोळ्या. पाचही काळ्यात.

बायकांनी टाळ्या वाजवल्या. "याले म्हणते हात!" बाबाराव ओरडले.

प्रेमलतानं मात्र टाळ्या वाजवल्या नाहीत. ती चकतीकडे पाहत राहिली. मग त्या स्क्रूकडे. मग इंदुताईंकडे.

"ताई," ती हळूच म्हणाली, "आज एकही गोळी न मारता तुम्हाले कसं समजलं?"

टाळ्या विरल्या. इंदुताईंचा अंगठा त्या स्क्रूवर गेला. बाबारावांनी घसा खाकरला आणि पेचकस परत मागून घेतला.

प्रेमलता रडली नाही, भांडलीही नाही. "सरका," एवढंच म्हणाली आणि सतरंजीवर झोपली. सोललेलं कोपर टेकताना तिचं तोंड वाकडं झालं. तिनं श्वास रोखला. चाप झटक्यानं ओढला नाही.

बार उडाला. बाबारावांनी दुर्बीण डोळ्याला लावली. "मधात!" ते म्हणाले. "अगदी मधात, पोरी!"

इंदुताईंच्या पाचांतली एकही इतकी मधात बसली नव्हती. तेवढ्या शरमेतही ते त्यांना आधी टोचलं.

प्रेमलतानं गाल दस्त्यावरून उचलला नाही. फक्त उजवा हात मागे पसरला.

"ताई, गोळी."

इंदुताई तिच्याशेजारी मातीत बसल्या आणि डबीतली एकेक गोळी तिच्या तळहातावर ठेवू लागल्या.